कुलथ्यांचं पाचवं गाणं

कुलथे गेले त्याला आता आठ महिने होतील, आणि मला त्यांचा अजून राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. कुलथ्यांनी स्वतः हा नियम जन्मात पाळला नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत मीही तो पाळायला बांधील नाही.

आमची ओळख विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत झाली. मी एका शाळेत ग्रंथपाल. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, तपासणी खात्यातले. तिथे तीस-बत्तीस वर्षं तयार माल हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि पास नाहीतर नापास म्हणायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. निवृत्तीनंतर ते काम थांबलंय हे बहुधा त्यांना कुणी कळवलं नव्हतं. भाजीवाल्याची मेथी, वॉचमनचा सलाम, समोरच्यांच्या गणपतीची आरास, सगळ्यावर शिक्का बसायचा. पहिल्या भेटीत मी त्यांना 'कुलथेकाका' म्हणाले. "काका तुमच्या माहेरी," ते म्हणाले. "इथे नुसतं कुलथे चालेल." माझी कानशिलं तापली. त्या दिवसापासून ते माझे कुलथे झाले आणि मी त्यांची 'बाई'.

उंच, सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचे, त्यामुळे आपल्या कपाळावर काहीतरी लागलंय असं सारखं वाटत राहायचं. आणि गाणं सुरू झालं की उभे राहायचे. घरात रेडिओवर लागलं तरी उभे, रिक्षात लागलं तर रिक्षावाल्याला बंद करायला सांगायचे, कारण रिक्षात उभं राहता येत नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी गाणीकट्टा सुरू केला होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. वीस-पंचवीस माणसं यायची. दर महिन्याला एक विषय, प्रत्येकाने त्यावरची आपली गाणी आणायची, वाजवायची, का आवडतं ते सांगायचं. चहा शेवटी. मध्ये कुणी चिवड्याची पिशवी उघडली तर कुलथे गाणं थांबवून विचारायचे, "चिवडा की गाणं, ते एकदा ठरवा. आम्ही थांबतो."

जानेवारीचा विषय मात्र दरवर्षी तोच असायचा. पुण्यावरची माझी आवडती पाच गाणी. दरवर्षी तोच विषय कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "शहर तेच राहतंय का? मग गाणी तीच राहतील का? दरवर्षी आपापली यादी तपासायची." नियम चार होते. गाण्यात नुसतं पुणं आलं म्हणून ते पुण्यावरचं होत नाही, "माझ्या रेशनकार्डावरसुद्धा पुणं आहे, ते गाऊ का?" गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं ते सांगायचं. पाचाच्या वर एकही नाही. म्हणजे नवीन घालायचं तर जुनं काढायचं, आणि का काढलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. आणि चौथा नियम त्यांचा सर्वांत लाडका होता. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कुणी, हे सांगता आलं पाहिजे. नाव नाही, गाणं नाही. कित्येक चांगली गाणी त्यांनी ह्या चौथ्या नियमावर बाहेर काढली. कट्ट्याची वही माझ्याकडे असायची, तिच्यात मी लाल पेनाने काट मारायची. पेन त्यांचंच.

आमच्यात दातार नावाचे निवृत्त बँक मॅनेजर होते. सदाशिव पेठेतून विश्रांतवाडीत राहायला आल्याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. एका जानेवारीत त्यांनी पुण्याचा दर ओळीला जयजयकार करणारं एक गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याला कुलथ्यांनी बटण दाबलं.

"हे गाणं आहे की स्वागत कमान?"

"अहो, पण यात शनिवारवाडा आहे, पर्वती आहे, मुठा आहे," दातार म्हणाले.

"बसच्या पाटीवरही असतात. ती वाचून दाखवणार का?"

हॉल हसला. दातारांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मीही हसले, आणि दातारांसाठी वाईटही वाटलं, कारण ते गाणं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. हे ते नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ बोलले. कुलथ्यांच्या नियमांत वडिलांसाठी जागा नव्हती. माणूस कडक असावा, पण त्याला समोरच्याचा चेहरा वाचता यायला हवा, आणि ते कुलथ्यांना जमायचं नाही. कपाळाकडे बघणाऱ्याला चेहरा कुठून दिसणार?

पण त्यांच्या ह्याच फटकळपणाने एकदा माझे डोळे भरून आले होते, तेही सांगायला हवं. नीता वानखडे नावाची अमरावतीची मुलगी कट्ट्यावर यायला लागली होती. आयटी कंपनीत नोकरी, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये तीन मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली. जानेवारीत तिची पाळी आली तर ती मोबाइल हातात धरून नुसतीच उभी.

"माझ्याजवळ सिनेमातलं वगैरे नाही," ती म्हणाली. "आम्ही रूमवर पोरी मिळून एक गाणं म्हणतो. पुण्यात खोली भेटत नाही, भेटली तर पाणी येत नाही, असं. आम्हीच बनवलं. चालते का?"

दातारांनी चष्मा पुसत म्हटलं, "विषय पुणं आहे, ताई. पुण्यात आलेल्यांच्या तक्रारी, असा विषय आपण पुढे केव्हातरी घेऊ."

कुलथे ताडकन उभे राहिले. "दातार, आपण पुण्यात किती वर्षं आहात?"

"जन्मापासून!"

"त्यात आपली करामत काय? ह्या मुलीने पुणं निवडलंय. आपण इथे नुसते सापडलात." मग नीताकडे वळून, त्याच रागात, "गीत, चाल, आवाज, तिन्हीकडे चौघींची नावं सांगा. बाई, लिहा. आडनावांसकट."

नीताने चार नावं सांगितली, आडनावांसकट, आणि मग घाबरत घाबरत गाणं म्हटलं. कुलथे अटेन्शनमध्ये उभे होते. म्हणून सांगते, माणूस वाईट नव्हता. नावं घ्यायची हे त्याला कळत होतं. त्यामुळे तर जास्त राग येतो.

कुलथ्यांची स्वतःची यादी सगळ्यांत शेवटी यायची. पहिली चार गाणी दरवर्षी बदलायची. पाचवं कधीच बदललं नाही. तरुणपणी ते कारखान्यातल्या कामगारांच्या कलापथकात होते. पथकासाठी गाणी गोळा करायला एका मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊन सायकलवर आसपासच्या गावांत फिरायचे. मांजरी तेव्हा गाव होतं, सगळीकडे ऊस. तिथे उसात खुरपणाऱ्या बायकांकडून त्यांनी एक गाणं टेप करून आणलं होतं. त्याची सुरुवात अशी:

पुनं पुनं म्हंत्यात, पुनं हाय केवढं?
माज्या पाटाच्या पान्यानं त्वांड धुतंय तेवढं!

पुढे आणखी एक कडवं, आणि मग टेप खट्कन बंद. एक धारदार, किंचित चिडलेला बाईचा आवाज, आणि मागे तिघी-चौघींची साथ. कुलथे म्हणायचे, "ह्या शहरावर ह्याच्याएवढं खरं गाणं झालं नाही. सगळे पुण्याची आरती करतात. ही बाई पुण्याचं तोंड धुवून देते आणि वर तसं सांगते." मग खणखणीत आवाजात, "गीत, पारंपरिक. चाल, पारंपरिक. आवाज, मांजरीच्या बायका."

हे मी नऊ वर्षं वहीत लिहिलं. नऊ वेळा. चौथा नियम मला पाठ होता, हॉलमधल्या सगळ्यांना पाठ होता, आणि एकाच्याही मनात आलं नाही की बायका म्हणजे कोण? पुढे आमच्या निवडक गाण्यांचं एक चॅनल मी ऑनलाइन सुरू केलं, त्यातही हे गाणं टाकलं आणि खाली टाइप केलं, पारंपरिक. तेव्हा इथे रागवायचं तर सुरुवात माझ्यापासून करायला हवी, हे मला समजतं.

मग गेल्या वर्षी ती जाहिरात आली. मांजरीत एका बिल्डरने बावीस-बावीस मजल्यांच्या इमारती उठवल्या होत्या, त्यांची. हिरवीगार शेतं, डोक्यावर घागर घेतलेली एक गोरीपान मॉडेल, आणि मागे तीच चाल, गुळगुळीत करून:

पुणं पुणं म्हणतात, पुणं आहे केवढं?
तुमच्या गॅलरीतून दिसतं तेवढं!

खाली बारीक अक्षरांत, पारंपरिक गीतावर आधारित. मी ती पहिल्यांदा फोनवर बघितली आणि फोन भिंतीवर आपटावासा वाटला. त्या रविवारी कुलथे हॉलमध्ये आले ते धुमसतच. त्या दिवशी कुणाचंच गाणं वाजलं नाही. अर्धा तास ते एकटेच बोलत होते. "पाटाचं पाणी काढलं आणि गॅलरी घातली! ज्या रानातलं गाणं, त्या रानावर इमारत बांधली, आणि वर तेच गाणं वाजवून ती विकतायत! मी चाळीस वर्षं हे गाणं जपलं ते ह्यांच्यासाठी?"

"एक मिनिट, सर. मला बोलायचंय."

मागच्या रांगेत एक अनोळखी मुलगी उभी राहिली होती. पंचविशीची, जीन्स, पाठीला लॅपटॉपची बॅग. तिने नाव सांगितलं, ऋतुजा थिटे, राहणार मांजरी.

"ती अ‍ॅड मला ऑफिसमध्ये कुणीतरी फॉरवर्ड केली. मग मी सर्च केलं तर तुमचं चॅनल सापडलं, त्यावर ह्या कट्ट्याचा पत्ता होता. ते गाणं पारंपरिक नाहीये. माझ्या आजीचं आहे. चंद्राबाई थिटे. तिला लिहिता येत नाही, पण ते तिने बनवलंय, स्वतः, लाइन बाय लाइन. घरात सगळ्यांना माहितीये. तुम्ही पारंपरिक टाकलं, बिल्डरच्या लोकांनी ते फक्त कॉपी-पेस्ट केलं. मग तुम्ही एवढे चिडलाय कशासाठी? तुमचं काय गेलं?"

कुलथ्यांनी एकच शब्द विचारला. "पुरावा?"

"आजी जिवंत आहे," ऋतुजा म्हणाली. "हा पुरावा चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलथ्यांचा फोन. "बाई, या." मी शाळेत जाता जाता गेले. टेबलावर जुना टेपरेकॉर्डर आणि ती मूळ कॅसेट. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात, 'मांजरी. बायका. पारंपरिक.' आम्ही कट्ट्यावर आजवर ऐकलं ते त्यांनी ह्या कॅसेटवरून करून घेतलेल्या कॉपीतलं. मूळ फीत मी कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी बटण दाबलं. उसाच्या पानांची सळसळ, बायकांची कुजबुज, आणि मग एका तरुण पुरुषाचा आवाज. चक्क कुलथ्यांचा.

"हे गाणं कुणाचं?"

"माजंच की. परवा खुरपताना केलं."

बायका हसल्या. कुलथेही हसले; ते हसू स्पष्ट ऐकू येतं. "बरं, बरं. म्हणा आता." आणि मग गाणं.

"कॉपी करताना तेवढं मी कापलं," कुलथे म्हणाले. "गाण्याआधीची बडबड म्हणून."

म्हणजे त्यांनी विचारलं होतं. तिने सांगितलं होतं. आणि ते ऐकून, त्यावर हसून, घरी येऊन त्यांनी पारंपरिक लिहिलं होतं, कारण शेतातली बाई गाणं म्हणते, करत नाही, असं त्या वेळच्या कलापथकातल्या शहाण्यांनी गृहीतच धरलेलं होतं. मला भयंकर संताप आला. कुलथेवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "ह्यांना घरातला स्वयंपाकसुद्धा पारंपरिकच वाटतो. आपोआप होणारा." आणि आत गेल्या. कुलथ्यांनी चहाला हात लावला नाही.

पुढच्या कट्ट्यावर त्यांनी त्यांच्याच नियमाप्रमाणे पाचवं गाणं यादीतून काढलं. कारण बोलायचं असतं, ते बोलले. "नाव सांगितलेलं असताना मी ते लिहिलं नाही." एवढंच. मी वहीत नऊ ठिकाणी काट मारली. चॅनलवरचा पारंपरिक हा शब्द मी आधीच पुसून तिथे चंद्राबाई थिटे लिहिलं होतं.

इथवर ठीक होतं. मला वाटलं, आता हे उठतील, मांजरीला जातील आणि त्या बाईंचे पाय धरतील. ऋतुजाने फोन करून तेच सांगितलं होतं, "आधी आजीला भेटा." पण कुलथे तपासणी खात्यातले. चूक सापडली की ती दुरुस्त करायची, माणसाला भेटायचं नंतर. "आधी काम करतो," ते तिला म्हणाले, "मग तोंड दाखवतो." मी म्हटलं, "कुलथे, ती म्हणते तसं करा." तर मलाच म्हणाले, "बाई, रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची मला सवय नाही."

बिल्डरच्या मांजरीतल्या ऑफिसात मी त्यांच्याबरोबर गेले. काचेखाली इमारतींचा छोटा देखावा, कापसाची झाडं, थंडगार हवा. एक हसतमुख मॅनेजर. "सर, आम्ही तर तुमच्याच चॅनलचं क्रेडिट फॉलो केलंय. तुम्हीच पारंपरिक म्हणता." कुलथ्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून त्या देखाव्याच्या काचेवर ठेवला आणि ते संभाषण ऐकवलं, स्वतःच्या हसण्यासकट. हे करायला धैर्य लागतं, मी नाकारत नाही. मॅनेजर आत जाऊन पंधरा मिनिटांत परत आला. "नो इश्यू, सर. नाव टाकतो. अ‍ॅडमध्ये टाकू, होर्डिंगवर टाकू. आजींचा एखादा फोटो मिळेल का? नऊवारीतला?"

इतक्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. कुलथ्यांना आला नाही. ते जिंकले होते. तिथून आम्ही चालतच चंद्राबाईंच्या घरी गेलो, आणि वाटेत त्यांची चाल अशी होती की मला मागे पळावं लागत होतं.

थिट्यांचं घर दुमजली, दारात गाडी, पुढे मोठा ओटा. जमीन मुलांनी विकली होती. ओट्यावरून समोर बघितलं की त्याच बावीस मजल्यांच्या इमारती, आणि त्यांच्यावर गॅलरीची ती ओळ, बैलगाडीएवढ्या अक्षरांत. चंद्राबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. बारीक, काटक, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. घरूनच काम करत असलेली ऋतुजा कानातले इअरफोन काढत बाहेर आली. चंद्राबाईंनी कुलथ्यांकडे एकदा पाहिलं.

"तुमी त्ये टेपवालं," त्या म्हणाल्या. "लई हसला व्हता."

कुलथ्यांनी ते ऐकलं, पण त्यांना बातमी सांगायची घाई होती. "चंद्राबाई, काम झालं. तुमचं नाव लागणार. जाहिरातीत, त्या समोरच्या बोर्डावर, मोठ्या अक्षरांत."

"कशावर?"

"गाण्यावर."

"कुटल्या गान्यावर?" त्यांनी चिंच खाली ठेवली. "त्येच्यात गॅलरी हाय. मी कवा गॅलरी केली? त्ये माजं गानं हाय व्हय?"

"नाही, पण चाल तुमची..."

"चाल चोरली, शब्द बदाललं, अन आता वर माजं नाव चिकटवनार. म्हंजी गाव म्हननार, थिट्याच्या पोरांनी रान इकलं अन म्हातारीनं गानं इकलं. कुनाला इचारून आलासा त्येंच्याकडं?"

मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होते. पुढचे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"कवाचं? तवाचं का आत्ताचं?"

"दोन्ही."

आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यांची कीव आली नाही. बरं वाटलं. कुणीतरी त्यांच्या कपाळाकडे न बघता सरळ डोळ्यांत बघत होतं.

त्यांनी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. नाव टाकायचं नाही, गाणंच काढा. मॅनेजर गोड आवाजात म्हणाला की गाणं काढणं शक्य नाही, अ‍ॅड सगळीकडे गेलीये, आणि नाव नको असेल तर मग पारंपरिकच ठेवतो, सर. कुलथे ओट्यावर उभे राहून इतके ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. चंद्राबाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. त्येंच्या गान्याला आईबाप न्हाई, कळू द्या लोकांना. तुमी माजं बोला. माजं पुरं गानं कुटं हाय तुमच्याकडं? दोन कडवी घेतली, बटान दाबलं अन सायकलीवर बसून निगाला. सहा हायती."

"फीत संपत आली होती," कुलथे हळूच म्हणाले. "पुढच्या गावासाठी ठेवायची होती."

"मंग आता कागूद काढा."

ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून कुलथ्यांनी सहा कडवी उतरवून घेतली. चिडकी, हसरी, एकाहून एक. एकात पुण्याचे साहेब उसाचा रस पितात आणि चिपाड कुठे टाकायचं विचारतात. एकात कालव्याच्या पाटकऱ्याला अशी काही शिवी आहे की ऋतुजाच लाजली. लिहून झाल्यावर चंद्राबाई थोडा वेळ समोरच्या बोर्डाकडे बघत बसल्या, ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "सातवं ल्ह्या. ह्ये आत्ताचं हाय."

पुनं आलं दारात, म्हनं नाव तुजं काय?
वळखंना का रं लेका, तुला पाजनारी माय!

कुलथ्यांनी लिहिलं. पेन खाली ठेवलं. टेपरेकॉर्डर काढू का म्हणून विचारलं, ह्या वेळी विचारलं. चंद्राबाईंनी मान हलवली.

"टेप न्हाई. टेपवर तुमचा काय भरवसा? तोंडानं म्हना. तोंडात बसलं की मंग नेऊ देईन."

आता ह्या माणसाने आयुष्यभर इतरांची गाणी तपासली, पण त्याला गुणगुणताना कधी कुणी ऐकलं नव्हतं. "मला गाता येत नाही," कुलथे म्हणाले. चंद्राबाईंनी पुन्हा चिंचा पुढे ओढल्या. "मला तरी कुनी शिकावलं व्हतं?"

त्यानंतर ते दर बुधवारी मांजरीला जायचे. दोन बस बदलून, दीड तास. पावसाळाभर गेले. कट्टा त्यांनी नीताच्या हवाली केला. बिल्डरने जाहिरात काढली नाही. सगळे फ्लॅट विकले जाईपर्यंत ती चालू होती, पारंपरिक ह्या शब्दासकट, आणि तो मॅनेजर मला परवा एका लग्नात भेटला तर ओळख दाखवून हसला. मी हसले नाही.

मी कुलथ्यांबरोबर आणखी एकदाच गेले, शेवटच्या बुधवारी. ते गेले त्याच्या चार दिवस आधी. छातीत दुखतंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही, आणि ह्याचाही मला राग आहे. सहा कडवी तोवर पास झाली होती. सातवं होत नव्हतं. कुलथे खालच्या पायरीपाशी उभे होते, हात शरीराला चिकटवून. आवाज फाटका, सूर कुठच्या कुठे. समोर कुठल्याशा नव्या इमारतीसाठी सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं, त्याच्यावर आवाज चढवायला त्यांना आणखी ओरडावं लागत होतं. चंद्राबाई मान वर न करता ऐकत होत्या.

"पुनं आलं दारात," कुलथे म्हणाले, "म्हनं नाव तुजं..."

तिथे त्यांचा आवाज बसला. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढला, परत घातला.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "परत."

त्यांनी परत सुरू केलं, आणि परत त्याच जागी अडकले.

"परत."

मला शाळेत पोचायचं होतं, मी उठले. कुलथ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते चंद्राबाईंच्या तोंडाकडे बघत होते, पुढचा शब्द तिथून कसा निघतो ते.